घरचा टीव्ही-डबा : कामाच्या नोंदी

१० मार्च २०२४, नागभीड तालुका

रोज संध्याकाळी एकच नाटक. माय भाच्याला हाक मारते, "अरे, ते मंडईचं नाटक लावून दे ना गा." मग पेनड्राइव्ह शोधा, टीव्हीला खोचा, ही फाइल चालत नाही असं टीव्हीनं सांगितलं की लॅपटॉप आणा. तोवर तिच्या दळण-पोळ्यांची वेळ होते. हे बंद करायचं आहे. टीव्हीमागे एक डबा, हातात एक रिमोट. डिस्कवर गावातल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, होणाऱ्या झाडीपट्टी नाटकांच्या चित्रफिती, कीर्तनं, आणि नेट असेल तेव्हा यूट्यूब. दुकानातली टीव्ही-मिक्सरची कामं आटोपली की जमेल तसं करीन.

चिप कोणती घ्यायची ते ठरवायच्या आधी डिस्क उघडून बसलो. एकूण ४१२ फायली. निम्म्याहून जास्त जुन्या कॅमकॉर्डरच्या, एच.२६४ या चित्रफीत दाबून साठवायच्या पद्धतीतल्या, १०८०आय. म्हणजे एका सेकंदात पन्नास अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. उरलेल्यांत मोबाइलवरच्या काही एचईव्हीसी या नव्या पद्धतीतल्या आणि भाच्यानं उतरवलेले सिनेमे.

इथेच रास्पबेरी पाय ५, म्हणजे एका छोट्या पाटीवरचा अख्खा संगणक, यादीतून गेला. वेगवान आहे, पण त्यात एच.२६४ उलगडणारं वेगळं हार्डवेअरच ठेवलेलं नाही, फक्त एचईव्हीसीचं आहे. प्रोसेसर दणकट असल्यामुळे १०८० चं काम तो अंगमेहनतीनं करून टाकतो, पण अंगमेहनत म्हणजे गरमी. वर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर मागतो, आणि तो जळाला तर आमच्या बाजारात दुसरा मिळायचा नाही. पाय ४ जुना, २०१९ चा, पण एच.२६४ ला १०८०पी आणि एचईव्हीसीला ४के पर्यंत हार्डवेअर आहे. व्हीपी९ आणि एव्ही१ या यूट्यूबवरच्या पद्धतींना नाही. यूट्यूब १०८० पर्यंत एच.२६४ सुद्धा देतं, त्यामुळे अडत नाही.

इंटेल एन१०० चा छोटा पीसी सगळंच उलगडतो, एव्ही१ धरून. त्याला बहुतेक वेळा पंखा असतो, आणि पंख्याबद्दल माझं मत दुकानात येणाऱ्या कोणालाही विचारा. बाजारातल्या बिननावाच्या अँड्रॉइड डब्या नकोतच. वर लिहिलेली रॅम आत नसते, आणि एकदा लोगोवर अडकली की फर्मवेअर कोठून आणायचं?

भाचा रुसला आहे. पाय ४ वर बऱ्याच ओटीटींचे सिनेमे एचडीत येत नाहीत. त्यासाठी वाइडव्हाइन या चोरी रोखणाऱ्या कुलपाची एल१ पातळी लागते आणि ती कारखान्यातूनच प्रमाणित होऊन येते. त्याला म्हटलं, तू मोबाइलवर पाहा बापा. डबा मायसाठी आहे.

१७ मार्च

पाय ४, २ जीबी, दुकानात पडलेलाच होता. प्लॅस्टिकच्या डबीत घालून टीव्हीमागच्या कोनाड्यात ठेवला आणि तासभर १०८०आय नाटक चालवलं. तापमान ८२. ऐंशीच्या पुढे पाय स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे पडद्यावरचा नायक तलवार उपसता उपसता थांबतो.

आणि हा अजून मार्च आहे.

हिशेब कागदावर मांडला. टीव्हीची खोली नवीन, वर टिन. मे महिन्यात दुपारी आत ४२-४३ आणि कोनाड्यात, टीव्हीची स्वतःची गरमी धरून, ४७ तरी. ८० मधून ४७ गेले, उरले ३३. चिप नाटक चालवताना साधारण ४ वॅट टाकते. म्हणजे चिपपासून हवेपर्यंतच्या वाटेत वॅटमागे ८ अंशांपेक्षा जास्त चढ परवडत नाही. बंद प्लॅस्टिकच्या डबीत हे होणे नाही.

गरमी वाढण्याचं एक कारण वेगळंच निघालं. एच.२६४ उलगडायचं काम हार्डवेअर करतं, पण ती अर्धी-अर्धी चित्रं जुळवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. त्यापेक्षा सगळ्या कॅमकॉर्डर फायली दुकानातल्या पीसीवर रात्री लावून एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामनं एकदाच पूर्ण चित्रांच्या करून टाकतो. पंधरा-वीस रात्री लागतील, पण डब्यावरचा बोजा कायमचा जाईल.

पंखा की अ‍ॅल्युमिनिअम, यावर फार विचार केला नाही. धानाच्या मळणीच्या दिवसांत गावात जी बारीक धूळ उडते ती तीस मिलिमीटरच्या पंख्याला एका हंगामात बसवते. बसलेला पंखा नसलेल्या पंख्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर राहतो. अ‍ॅल्युमिनिअमची पंखपट्ट्यांची डबी मागवली, चिपला थेट टेकणारी.

२५ मार्च

धुळवड. काम नाही. रंगाच्या हातानं भाच्यानं की-बोर्ड धरला होता, तो अजून गुलाबी आहे.

३१ मार्च

डबी आली. मध्ये थर्मल पॅड, चार स्क्रू. तेच नाटक, तोच कोनाडा: ६१. खूश झालो आणि यूट्यूब लावलं. गोल फिरत राहिलं.

प्लॅस्टिकच्या डबीत वायफायचा वेग ३२ मेगाबिट येत होता, आता ५. पाय ४ चा अँटेना बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्यातच कोरलेला आहे आणि बाहेरचा अँटेना जोडायला जागा दिलेली नाही. त्याला मी दोन्ही बाजूंनी धातूत कोंडला. राउटर जुन्या घरात आहे, मध्ये दीड हाताची मातीची भिंत. आत्ता कोरडी आहे. आषाढात ओल धरली की आणखी कमी.

कानशीनं डबीचा तो कोपरा कापून पाहिला. ११ मेगाबिट. अजून कापलं तर हीटसिंकच राहत नाही.

यात एक गाठ वेगळी होती आणि तिच्यात अर्धी दुपार गेली. डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत होती. यूएसबी ३ चालू असताना जो गोंगाट करतं तो नेमका २.४ गिगाहर्ट्झवर येतो. डिस्क काळ्या खाचेत, यूएसबी २ मध्ये लावली: ११ चे १७ झाले. यूएसबी २ मधून सेकंदाला तीसेक मेगाबाइट निघतात आणि नाटकाला तीन पुरतात. निळी खाच या कामाला हवीच कशाला?

तरी शेवटी लॅनची वायर टाकायची ठरवली. अकरा मीटर, कवेलूखालच्या, म्हणजे कौलांखालच्या, आढ्यावरून. उंदरांमुळे पूर्ण पाइपातून.

१९ एप्रिल

आज मतदान. सकाळीच जाऊन आलो. दुकान बंद, म्हणून पाइप आणि वायरीचं काम उरकलं. वायर लावल्यावर वेगाचा प्रश्नच मिटला.

दुपारी माय टीव्हीमागं फडकं मारून राहिली होती. शाई लागलेलं बोट डब्याला टेकलं आणि तिनं हात झटकला. "हा डबा चावते गा!"

मला आधी खरं वाटलं नाही, कारण मी चपला घालून होतो. चप्पल काढून शेणानं सारवलेल्या जमिनीवर उभा राहिलो, बोटाची मागची बाजू अ‍ॅल्युमिनिअमवरून हलकेच फिरवली. झिणझिण. जोरात धरलं तर काहीच नाही, फिरवलं तर मुंग्या. मीटर लावला: डबी आणि जमीन यांच्यात ८८ व्होल्ट एसी.

घाबरण्यासारखं नाही, पण कारण समजून घेण्यासारखं आहे. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरात मेनची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर मुद्दाम बसवलेला असतो, वाय प्रकारचा, गोंगाट गिळायला. २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर झिरपतो. जीव जात नाही, पण अनवाणी माणसाला कळतो. प्लॅस्टिकची डबी असती तर कधी कळलंच नसतं. म्हणजे गरमी घालवण्यासाठी मी धातू आणला, धातूनं वायफाय खाल्लं, आणि आता मायला चावतो.

पुस्तकातला इलाज सोपा: डबीला अर्थिंग करा. अर्थिंगच्या खाचेत शंभराचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून पाहिला. (हे मी पंचवीस वर्षं करून राहिलो, तुम्ही करू नका.) बल्ब पिवळट, तारेपुरता लाल. विहिरीजवळचा खड्डा उन्हाळ्यात सुकला आहे. त्याच अर्थवर ओलिताची मोटर आणि फ्रिज आहे. अशा अर्धमेल्या अर्थला डबा जोडला आणि उद्या मोटरीची वायंडिंग बॉडीला लागली, तर ते व्होल्टेज थेट टीव्हीमागं येऊन बसेल. ०.१६ मिलिअँपिअरच्या मुंग्या परवडल्या.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी टाकणं हे काम वेगळं, ते करीनच. डब्याला मात्र अर्थिंग नाही. अंगावर झबलं.

२८ एप्रिल

झबलं म्हणजे बाहेरून प्लॅस्टिकची जाळीदार खोळ, अ‍ॅल्युमिनिअमपासून सगळीकडे १० मिलिमीटर लांब. खाली आणि वर छिद्रं, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघते. आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवला की ३ अंश कमी. तापमान ६१ चं ६४ झालं; तीन अंशांत मायचं बोट वाचलं.

छिद्रांवरून भाच्याशी वाद. तो म्हणे मोठी ठेवा मामा, हवा जास्त. त्याला दुकानात नेऊन कालच आलेला एक इन्व्हर्टर उघडून दाखवला. आत एक पाल, पुढचे पाय एका मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या पिनेवर, शेपूट दुसऱ्याच्या हीटसिंकवर, कडक होऊन चिकटलेली. थंडीत ऊब शोधत येतात, उन्हाळ्यात ऊबेला आलेले किडे खायला येतात. छिद्र ६ मिलिमीटरचं असेल तर पिल्लू शिरतंच. ३ मिलिमीटर ठेवली, संख्या दुप्पट केली. मुंग्यांना काही करता येत नाही. डब्याच्या पायाभोवती लक्ष्मणरेखा.

५ मे

लाइन. संध्याकाळी सगळीकडे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १६५ पर्यंत उतरतं. त्याचं काही नाही, अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० चा आहे. त्रास लाइन जाताना होतो. घरचा इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. आमचा साध्या मोडवर चाळीसेक घेतो. टीव्ही तेवढं पचवतो. पाय मात्र ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कुरकुरतो आणि आणखी खाली गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसातून सात वेळा. एकदा एसडी कार्डही त्यातच गेलं. आता कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं आहे, लिहिणं रॅममध्ये.

इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकला असता, पण मग व्होल्टेज जरा उतरलं की तो बॅटरीवर जातो, आणि १६५ वर तो रोजच बॅटरीवर राहील. १८६५० सेलची यूपीएस पाटी मिळते. टिनाखालच्या कोनाड्यात लिथिअम सेल मी ठेवणार नाही.

मग उरला कंडेन्सर. ४० मिलिसेकंद, १० वॅट, म्हणजे ०.४ जूल. ५ व्होल्टच्या बाजूला लावला तर ५.१ पासून ४.७ पर्यंतच उतरू देता येतं. त्यासाठी ०.२ फॅरड, म्हणजे दोन लाख मायक्रोफॅरड. तेच काम १२ व्होल्टच्या बाजूला केलं तर? अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा, मध्ये १२ चे ५ करणारा बक कन्व्हर्टर, तो ७ व्होल्टपर्यंत खाली चालतो. १२ पासून ७ पर्यंत उतरायला मोकळीक. साठलेली शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे असते, म्हणून साडेआठ-नऊ हजार मायक्रोफॅरडमध्ये भागतं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेले ६८०० चे दोन लावू. १३,६००, भरपूर.

कंडेन्सरमधली शक्ती उलटी अ‍ॅडॉप्टरात जाऊ नये म्हणून एक शॉटकी डायोड.

८ मे

भरपूर कसले. प्लग लावला की अ‍ॅडॉप्टरचा दिवा लुकलुक, लुकलुक. रिकामा कंडेन्सर म्हणजे त्याच्या दृष्टीनं शॉर्ट. अ‍ॅडॉप्टर घाबरून बंद होतो, परत उठतो, परत घाबरतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये असतो तसा ५डी-९ थर्मिस्टर मधे टाकला. थंड असताना ५ ओहम, तापला की कमी. उठला बिचारा.

पण आता हिशेब पुन्हा. डायोड ०.४ खातो. आठशे-नऊशे मिलिअँपिअरवर थर्मिस्टर पुरता तापतच नाही, तोही व्होल्टभर खातो. कंडेन्सरवर १२ नाही, १०.६ च येतात. बकचा तोटा धरून ०.४४ जूल हवेत. १०.६ पासून ७ पर्यंत: १४,००० मायक्रोफॅरड. माझ्याकडे १३,६००, तेही जुने. तिसरा ६८०० चा लावला.

लाइनचा खटका हातानं वीस वेळा पाडला-चढवला. एकदाही नाटक तुटलं नाही. एकोणिसाव्या वेळी माय म्हणाली, आता पुरे, पंखा जळन.

११ मे

रात्री सुचलं ते लिहून ठेवतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या कंडेन्सरवर ८५ अंश लिहिलं आहे. अशा कंडेन्सरचं आयुष्य २००० तास धरतात, तेही त्या ८५ वर. दर १० अंश खाली आलो की दुप्पट. डब्याच्या खोळीत ६० अंश असतील तर साधारण ११,००० तास. चोवीस तास चालू डब्याला सव्वा वर्ष. १०५ वाले असते तर त्याच जागी पाच वर्षं.

१०५ वाले नागपूरहून मागवावे लागतील. त्याऐवजी कंडेन्सर, थर्मिस्टर आणि बक हे सगळं वेगळ्या डबीत घालून कोनाड्याच्या बाहेर, जमिनीपासून हातभर वर ठोकलं. तिथे ४५ च्या वर जात नाही. ८५ वाल्यांनाही साडेतीन वर्षं मिळतात. तोवर नागपूरची चक्कर होईलच.

२७ मे

नवतपा, मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस. टिनाखाली दुपारी तीनला ४४, कोनाड्यात ४८. रस्त्यावर कुत्रंही नाही. डबा अडीच तास सलग: ७३. थांबला नाही.

मीच झोपून गेलो होतो.

२९ मे

मायची तक्रार: डब्याचा निळा दिवा रात्री डोळ्यावर येतो. भाचीच्या नेलपॉलिशचे दोन हात मारले. आता जांभळा आहे.

१४ जून

पहिला पाऊस, आणि पहिल्याच पावसात वीज. राउटरचा अँटेना कवेलूवरच्या पाइपाला आहे. वीज अंगणात पडली नाही, कोठे तरी धानाच्या बांधीत पडली, पण राउटरचा लॅनचा पोर्ट गेला. डबा जिवंत. लॅनच्या पोर्टमध्ये वायर थेट चिपला जात नाही, मध्ये इवलंसं ट्रान्सफॉर्मर असतं, दीड हजार व्होल्ट अडवणारं. यावेळी त्यानं अडवलं. पुढल्या वेळचं सांगता येत नाही. आता आभाळ आलं की लॅनची पिन काढायची आणि घरच्या डिस्कवरचं पाहायचं. मायला तेच हवं असतं.

२१ जुलै

मामाकडे दुसरा डबा. त्यांचा टीव्ही अजून काचेच्या नळीचा, एचडीएमआय नाही. पाय ४ च्या हेडफोनच्या खाचेतूनच चित्रसुद्धा निघतं, हे लोकांना माहीत नसतं. पाय ५ घेतला असता तर ही खाचच नव्हती. या खाचेतून चित्र सुरू केलं की पायचा वेग किंचित पडतो, पण नळीच्या टीव्हीला १०८० दाखवायचंय कोणाला.

बाजारातली तीन रंगांची वायर लावली: आवाज घर्रर्र, चित्र नाही. पिवळी-लाल अदलाबदल करून पाहिली, तरी नाही. मीटरनं मोजलं. पायला टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड आणि शेवटी चित्र असा क्रम लागतो. या वायरीत ग्राउंड शेवटी होतं. प्लग कापून नवीन जोडला, चार डाग दिले. भर पावसात मामींनी चहा दोनदा गरम केला.

त्यांचं घर मातीचं, कवेलूचं, दुपारीही गार. तिथे प्लॅस्टिकच्या डबीत फक्त वर हीटसिंक एवढ्यावर भागलं. वायफाय चालतं, झबलं लागत नाही, कोणाला काही चावत नाही. सगळी कटकट माझ्या टिनाची होती.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन आली, रिमोट त्यांच्या हाती लागला आणि ब्लूटूथचं नातं तुटलं. पुन्हा जोडायला मायला जमत नाही. म्हणून इन्फ्रारेडवर आलो: ३८ किलोहर्ट्झचा तीन पायांचा रिसीव्हर आणि जुन्या डिशचा रिमोट, ज्याची बटणं तिला अंधारातही पाठ आहेत. इन्फ्रारेडवर पाय पूर्ण बंद असेल तर उठत नाही. त्यासाठी वेगळा मायक्रोकंट्रोलर लागला असता. नाही लावला. डबा चालूच राहतो, स्वस्थ असताना ३ वॅट, महिन्याला दोन युनिट.

पाच वाजता पश्चिमेच्या दारातून ऊन थेट रिसीव्हरवर येतं आणि रिमोट चालत नाही. रिसीव्हर टीव्हीच्या खालच्या कडेला सावलीत चिकटवला.

१० नोव्हेंबर

भाऊबीज झाली, मंडया सुरू. काल रात्रभर नाटक होतं. भाच्यानं पूर्ण नाटक मोबाइलवर ४के एचईव्हीसीत घेतलं, सहा तास, कोणाच्या तरी डोक्याआडून. पाय ४ नं हुं की चूं न करता उलगडलं, ५४ अंश. डिस्क मात्र भरली.

माय दहा मिनिटं पाहून म्हणाली, "याच्यात मानसं लय साफ दिसतात, पन ते जुनंच लाव."

बाकी: १०५ चे कंडेन्सर. मोठी डिस्क. अर्थिंगचा खड्डा अजून तसाच आहे.